ऑनलाइन वर्ग ब्राउझरमध्येच चालावेत, वेगळं ॲप कशाला?

धरमपेठकर:
नागपुरात हल्ली क्लासवाले शिकवणीसाठी स्वतःचं ॲप काढताहेत. पुतणीच्या क्लासचं ॲप लॅपटॉपवर टाकायला घेतलं, तर त्याला ॲडमिनचे अधिकार हवेत, फायरवॉलमध्ये सूटही हवी. व्हिडिओ बघायला एवढं कशाला? पूर्वी ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवायला फ्लॅश हे जोड-सॉफ्टवेअर लागायचं. त्यातली सुरक्षेची भगदाडं वर्षानुवर्षं बुजवून शेवटी ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीनंच त्याचा पाठिंबा थांबवला. आता ब्राउझरमध्येच वेबआरटीसी, म्हणजे थेट आवाज-व्हिडिओ पाठवायची सोय आहे. त्यात आवाज, चित्र एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झाल्याशिवाय जात नाही आणि कॅमेरा-माइकसाठी प्रत्येक साइटला परवानगी मागावी लागते.

तंबोरा:
भाऊ, गणिताच्या वर्गाला ठीक आहे हे. मी गाणं शिकवते, विद्यार्थी चंद्रपूर-गडचिरोलीला. ब्राउझरमध्ये तानपुरा लावला की क्षणभर ऐकू येतो, मग विरत जातो. सलग सूर म्हणजे त्याला पंख्याची घरघर वाटते, गाळून टाकतो. मग विद्यार्थी षड्ज कशावर लावणार? ॲपमध्ये मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायची सोय मिळते, ऑडिओ इंटरफेसचा (माइक कॉम्प्युटरला जोडायच्या डबीचा) ड्रायव्हर निवडता येतो. मला ती मोकळीक हवीच.

इतवारी:
ताई, हा दोष साइट बनवणाऱ्याचा आहे. माइक मागतानाच इको कॅन्सलेशन (प्रतिध्वनी कापणं), नॉइज सप्रेशन (गोंगाट गाळणं) आणि ऑटो गेन (आवाज आपोआप कमी-जास्त करणं) बंद ठेवायला क्रोम, फायरफॉक्स दोन्हींत सांगता येतं. वर आवाज दाबून पाठवणारा ओपस कोडेक ४८ किलोहर्ट्झवर स्टिरिओही पाठवू शकतो. फक्त हेडफोन लावायचा, नाहीतर तुमचाच आवाज तुमच्याकडे परत येईल.

तंबोरा:
करता येतं हो, पण ते बटण विद्यार्थ्याला दाखवतं कोण? बहुतेक साइटवर ते नसतंच.

कॉटन मार्केट:
धरमपेठकर, एन्क्रिप्शनचं अर्धंच सांगितलंत. मोठ्या वर्गात सगळ्यांचा व्हिडिओ मधल्या सर्व्हरवरून जातो, आणि वेगळी सोय केली नसेल तर तिथं तो उलगडला जातो. सर्व्हरवाला बघू शकतो. पालकांना हे सांगायलाच हवं.

धरमपेठकर:
मान्य. पण ॲपमध्येही तोच सर्व्हर असतो ना! माझा मुद्दा मशीनचा आहे. धोका फाइल उलगडणाऱ्या कोडमध्ये असतो. २०१५ च्या स्टेजफ्राइट नावाच्या अँड्रॉइडमधल्या दोषात एमएमएसनं आलेला व्हिडिओ उघडायच्या आधीच अँड्रॉइड फोन ताब्यात जाऊ शकत होता. म्हणून अँड्रॉइड ७ मध्ये मीडियाचं काम वेगवेगळ्या, कमी अधिकारांच्या प्रक्रियांत विभागलं. २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रं उघडणाऱ्या लायब्ररीत (तयार कोडमध्ये) भोक सापडलं. क्रोम आपोआप दुरुस्त झाला, पण ज्या ॲपच्या पोटात स्वतःचं क्रोमियम (क्रोमचा मूळ गाभा) असतं त्यांना आपल्या कंपनीच्या अपडेटची वाट बघावी लागली. गल्लीतल्या क्लासचं ॲप कोण अपडेट करणार?

तंबोरा:
हे पटलं. पण तेवढ्यासाठी तानपुरा सोडणार नाही बाप्पा. ॲप ठेवते, पण वेगळ्या विंडोज खात्यावर, ॲडमिनशिवाय. त्यावर बँकेचं काही उघडायचं नाही. इतवारी, ती तीन बटणं दाखवणारं साधं पान बनवाल का? विद्यार्थ्यांवर चालवून बघते आणि तानपुरा टिकला तर इथंच सांगते.