फिलिपिनोंच्या घरात स्वतःचं काहीच उरलं नाही?

सागरवेळा:
काल इथे एकांनी ठोकून दिलं, "स्पॅनिश पाद्र्यांनी सगळं पुसलं, फिलिपिनोंच्या घरात त्यांचं स्वतःचं काही नाही." मी फिलिपिन्समध्ये दवाओला मेडिकलला होते. घरमालकीणबाई रोज पहाटे वालिस तिंगतिंगने अंगण झाडायच्या. नारळाच्या हिरांची जुडी, दांडा नाही, मुठीत धरायची. आपला खराटाच. न्हाणीघरात पाणी घ्यायला ताबो, म्हणजे तांब्याच. आणि कोनाड्यात लाल मखमली झग्यातला सांतो निन्यो, म्हणजे बाळयेशू, त्याच्यापुढे रोज ताजी फुलं. हे सगळं एकाच घरात. मग पुसलं काय? मॅगेलानने 1521 मध्ये सेबूत राणीला बाळयेशूची मूर्ती दिली आणि आठवड्यांत तो मारला गेला. 1565 मध्ये स्पॅनिश सेनानी लेगास्पीच्या शिपायाला ती एका घरात पेटीत सापडली. मधली 44 वर्षं तिथे मिशन नव्हतंच. मूर्ती लोकांनीच जपली ना?

जुना_खलाशी:
एका मूर्तीवरून निकाल लावू नका. त्यांची जुनी बायबायिन लिपी कुठे गेली? बाबायलान, म्हणजे देवऋषीपण करणाऱ्या बायकांचा मान कुठे गेला? विखुरलेल्या वाड्या उठवून लोकांना चर्चच्या घंटेच्या टापूत आणून बसवलं. आमच्या जहाजावरच्या फिलिपिनो बोसनचं, खलाशांच्या मुकादमाचं, आडनाव स्पॅनिश, रक्ताचा संबंध शून्य. 1849 ला छापील यादीतून आडनावं वाटली, काही गावांत तर सगळी एकाच अक्षराची.

सागरवेळा:
आडनावांचा हुकूम स्पॅनिश गव्हर्नर क्लाव्हेरियाचा, पाद्र्यांचा नव्हे. आणि 1593 ला मनिलात 'दोक्त्रिना ख्रिस्तियाना' हे प्रार्थनेचं पुस्तक बायबायिनमध्ये छापलं ते पाद्र्यांनीच.

जुना_खलाशी:
छापलं ते प्रार्थना पाठ करून घ्यायला! नावं नोंदायची बाप्तिस्म्याची वही कोणाच्या हातात होती, तेही सांगा ताई.

मडगावची_माय:
त्यांची बिबिंका (गोड केक) आमच्या गोव्याच्या बिबिकेवरूनच गेलीय.

सागरवेळा:
कशावरून? त्यांची तांदळाच्या पिठाची, केळीच्या पानावर. वर खारवलेलं अंडं नि खोबरं. 16 डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटेच्या मिसेनंतर चर्चच्या दारात गरम मिळते. तुमची थरांची, तुपातली.

मडगावची_माय:
नारळाचा रस दोघींत, निखारे खाली-वर दोघींत, नावही तेच. माझी आजी एकेक थर भाजत अर्धा दिवस चुलीपुढे बसायची, धुराने डोळे लाल व्हायचे. ते मला शिकवू नका.

सागरवेळा:
आजींचे कष्ट खरेच. पण कुठून कुठे गेली, हे त्यावरून कसं ठरणार?

वसईचा_पोर:
पदार्थावरून कसल्या भांडता? माणूस गेला तो कोणालाच आठवत नाही! आमच्या वसईचा गोन्सालो गार्सिया मनिलात फ्रान्सिस्कन धर्मबंधू झाला, तिथून दुभाष्या म्हणून जपानला गेला, 1597 ला नागासाकीत क्रुसावर मेला. 1862 ला संत. शाळेत एका ओळीने कोणी सांगितलं नाही आम्हाला.

जुना_खलाशी:
हे मलाही माहीत नव्हतं. सांगितलंत, बरं केलंत.
ताई, ताबो आणि खराट्याचं मान्य. जहाजावर पहिल्या नाताळला बोसनने वेल्डिंगच्या काड्या वाकवून चांदणीचा पारोल, म्हणजे त्यांचा आकाशकंदील केला, वर फाटकी प्लास्टिकची पिशवी ताणली, आत बल्ब. घरी बांबूचा करतो म्हणाला, बापाने शिकवलेला. तो त्याचा स्वतःचाच होता, हे मी कबूल करतो. आडनावाचं मात्र मागे घेणार नाही.