बाहुलीचा चेहरा पुसून नव्याने रंगवायचा आहे, पावसाआधी करू की नंतर?

हौशी_दारव्हा
साडेअकरा इंची, बार्बीच्या मापाची एक जुनी बाहुली आहे आणि बारा इंची बाहुला आहे. दोघांचे चेहरे पुसून यंदा भुलाबाई-भुलोजीची (पार्वती-शंकराची) जोडी करायचा विचार करते आहे. नेलपेंट रिमूव्हर, अॅक्रेलिक रंग आणि पाण्यात विरघळणाऱ्या रंगपेन्सिली घरी आहेत. पण पुसलेल्या जागी पेन्सिल उमटत नाही आणि रंग थेंब होऊन सरकतो. कशामुळे होते? घर टिनाचे आहे. भुलाबाई बसते भादव्याच्या पुनवेला, म्हणजे वेळ आहे हाती.

सुईदोरा_वर्धा
वेळ आहे, पण चेहऱ्याचे काम मृग लागायच्या आत उरका. शिवण पावसात होते, चेहरा होत नाही.

रंग सरकतो कारण डोके मऊ व्हिनाइलचे, गुळगुळीत असते. त्याला आधी मॅट थर लागतो. डोके दोन-तीन मिनिटे गरम पाण्यात (उकळत्या नाही) धरा, मऊ झाले की हलवत हलवत वर ओढा. अॅसिटोनवाले रिमूव्हर फक्त डोक्यावर, तेही कानकाडीने. धड कडक प्लॅस्टिकचे असते, अॅसिटोन लागले की ते विरघळून चिकट होते. चूल-गॅसपासून लांब बसा. पुसून झाले की साबणाने धुऊन पूर्ण सुकवा, बोटाचे तेल राहिले तरी रंग सुटतो.

मग मॅट स्प्रे, वीस-तीस सेंटीमीटरवरून, पातळ दोन हात. मे महिन्यात सकाळी लवकर मारा. दुपारच्या उन्हात थेंब हवेतच सुकतो आणि चेहरा खरखरीत होतो. पावसाळ्यात उलट, दमट हवेत थर पांढुरका पडतो. अंगणात मारा आणि रसायनाची वाफ अडवणारा काडतुसाचा मास्क लावा. कापडी मास्कने वाफ अडत नाही.

रंगपेटी_अमरावती
मास्क नसेल तर स्प्रे घेऊच नका ताई. मॅट अॅक्रेलिक वार्निश स्पंजाच्या तुकड्याने टेपून लावा, ब्रशने ओढल्यास रेघा राहतात. पकड स्प्रेइतकी येत नाही, पण पेन्सिल धरते.

आधी फिकट तपकिरीने दोन्ही डोळ्यांच्या कडा आणि भुवया आखा, डोके आरशात धरून पाहा. वाकडेपणा तिथे लगेच दिसतो. गालाला सॉफ्ट पेस्टल खरवडून त्याची पूड कोरड्या ब्रशने लावा. तेलकट खडू नको, तो कधीच सुकत नाही. दर टप्प्यानंतर पातळ थर मारला की पुढे चुकले तरी तेवढेच ओल्या कानकाडीने पुसता येते. कुंकवाचा लाल सगळ्यात शेवटी, आणि खाली थर असल्याशिवाय नाहीच. लाल रंग व्हिनाइलमध्ये मुरतो, मग पुसून निघत नाही.

हौशी_दारव्हा
वार्निशच वापरते. नऊवारीला कापड किती घेऊ?

सुईदोरा_वर्धा
बाहुली माणसाच्या साधारण एक षष्ठांश. नऊवार म्हणजे सुमारे 8.2 मीटर, म्हणून 137 सेंटीमीटर लांब आणि 19-20 रुंद. पण कापडाची जाडी सहापट कमी होत नाही, पूर्ण लांबी घेतली तर कमरेला गोळा होतो. 100-110 पुरते. निऱ्यांचा वरचा भाग कापून आतून टाका घाला. जुन्या धुवट सुती साडीचे किंवा मलमलीचे कापड उत्तम पडते. कोसा (टसर रेशीम) सुंदर दिसतो, पण ताठ असल्याने घागऱ्यासारखा फुगतो. तो भुलोजीच्या उपरण्याला ठेवा. काठ एक सेंटीमीटरपेक्षा रुंद नको. धोतराला 75 सेंटीमीटर पुरे.

रंगपेटी_अमरावती
नवे गडद कापड पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि आतून पांढरे अस्तर द्या. नाहीतर टिनाखालच्या उकाड्यात कापडाचा रंग बाहुलीच्या अंगात उतरतो. उष्णतेने व्हिनाइलमधला तेलकट अंशही वर येऊन ते चिकट होते. म्हणून माळ्यावर ठेवू नका. खालच्या फळीवर, पांढऱ्या सुती फडक्यात ठेवा, पॉलिथिनमध्ये नाही. डांबराच्या गोळ्या तर अजिबात टाकू नका, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडते. किडीसाठी सुकलेला कडुनिंबाचा पाला फडक्याच्या बाहेर ठेवा.

डोके परत बसवतानाही आधी गरम पाण्यात धरा, पण फक्त मानेपर्यंत. रंगवलेला भाग बुडवू नका.