मिसफिट्स ते डॅन्झिग: एवढा सुसाट पंक डूमकडे कसा वळला?

घोडबंदर_बेस
मंडळी, आम्ही चौघं कोपरखैरण्याला जॅमरूम घेऊन दर रविवारी वाजवतो, हॉरर पंक, म्हणजे भीतीच्या सिनेमांसारखी गाणी असलेलं पंक, मिसफिट्स हा अमेरिकन बँड ऐकूनच सुरुवात झालेली. आता गिटारवाला म्हणतोय सगळं हळू करूया, ट्युनिंग खाली घेऊया, डूम, म्हणजे संथ, जड मेटल, करूया, आणि ड्रमर म्हणतो मग पंक उरलं कुठे. जाम वाजलंय त्यावरून. म्हणून मी मिसफिट्सचा गायक ग्लेन डॅन्झिगचे रेकॉर्ड ओळीने ऐकायला घेतले. मिसफिट्सचा १९८२चा 'वॉक अमंग अस' म्हणजे १३ गाणी जेमतेम २५ मिनिटांत, सगळ्यांनी मिळून ओरडायची. १९८३चा 'अर्थ ए.डी.' इतका सुसाट की शब्दच पकडता येत नाहीत. आणि १९८८ला 'डॅन्झिग' नावाने पहिला अल्बम येतो तो पार ब्लॅक सॅबाथ बँडसारखा जड. पाच वर्षांत नक्की काय झालं?

नेरुळ_फझ
अरे डॅन्झिगचा मधला बँड सॅमहेन सोडलास, मग उडी वाटणारच. मिसफिट्स १९८३ला फुटले आणि लगेच सॅमहेन सुरू झाला, 'इनिशियम' १९८४चा. गाणी अजून छोटीच आहेत पण टेम्पो उतरतो, टॉम्सचा (मोठ्या ड्रम्सचा) घुमणारा ठेका येतो, आणि सगळ्यांनी मिळून गायचे कोरस कमी होऊन एकट्याचा आवाज पुढे येतो. भीतीही बदलते रे. मिसफिट्समध्ये जुन्या स्वस्त सिनेमांतले राक्षस नि परग्रहवाले होते, इथे रक्त, मृत्यू, जुने विधी. १९८६चा 'नोव्हेंबर-कमिंग-फायर' तर रात्री हेडफोन लावून सलग ऐकच. पुढे निर्माता रिक रुबिनने सॅमहेनला साइन केलं, बँडचं नाव डॅन्झिग झालं, आणि रुबिनने रेकॉर्डिंग एकदम कोरडं, उघडं ठेवलं. त्यामुळे प्रत्येक रिफचं (गिटारच्या परत परत येणाऱ्या तुकड्याचं) वजन कळतं.

कळवा_डबलकिक
तुमच्या ड्रमरसाठी लिहितोय. डॅन्झिगच्या त्या पहिल्या अल्बमवर ड्रमला चक बिस्किट्स आहे, म्हणजे डी.ओ.ए., ब्लॅक फ्लॅग, सर्कल जर्क्स या पंक बँड्समध्ये वाजवून आलेला अस्सल पंक माणूस! हळू वाजवलं म्हणून तो पंक राहिला नाही असं कोण म्हणेल? ब्लॅक फ्लॅगनेच १९८४ला 'माय वॉर' रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला तीनच गाणी ठेवली, प्रत्येक सहा मिनिटांच्या वर, रेंगाळणारी. तेव्हा कित्येक पंकवाले भडकले, पण मेल्विन्ससारख्या बँड्सनी तिथूनच धागा उचलला. आणि खरं सांगू, हळू वाजवणं जास्त अवघड आहे, दोन ठोक्यांमधली जागा मोठी होते आणि तिथे हात घाई करतो. क्लिकवर (मेट्रोनोमवर) मिनिटाला ६० ठोक्यांना बसवून बघा.

वाशी_विनाइल
सगळं मान्य, पण हळू म्हणजे आपोआप भीतीदायक हे मला पटत नाही. 'अर्थ ए.डी.' मला अजूनही डॅन्झिगपेक्षा जास्त अस्वस्थ करतो, त्यात श्वास घ्यायलाच जागा नाही. उलट्या टोकाचं ऐकायचं तर गायक ली डॉरियन. १९८९ला नेपाम डेथ हा अतिवेगवान बँड सोडला, कॅथेड्रल हा डूम बँड काढला आणि १९९१ला 'फॉरेस्ट ऑफ इक्विलिब्रियम' अल्बम, आधी जेवढा वेगवान तेवढा इथे संथ. पण दोन्हीकडे तो टोकालाच जातो, म्हणून चालतं. मध्येच कुठेतरी थांबून अर्धवट डूम केलात तर ते नुसतं कंटाळवाणं होईल.

घोडबंदर_बेस
भारी माहिती, सॅमहेन आजच लावतो. ट्युनिंगचं कसं करायचं? गिटारवाल्याला सी शार्प पाहिजे.

नेरुळ_फझ
सॅबाथने १९७१च्या तिसऱ्या अल्बमवर तेच केलं. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यात गेलेली, आणि तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. तारा सैल केल्या की बोटांना सोपं पडायचं, आणि त्याचसाठी तो हलक्याच तारा वापरायचा. तुम्ही मात्र ११ किंवा १२चा (हा तारांच्या जाडीचा आकडा) सेट लावा, ९च्या तारा सी शार्पला लोंबतात आणि सूर हलतो. जाड तारा लावल्यावर गिटारचा नेक आणि नट (तारा टेकतात ती पट्टी) एकदा माहितगाराकडून तपासून घ्या. बेसलाही जाड सेट लागेल, आणि फझ (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) दोघांनी एकदम फुल करू नका, जॅमरूममध्ये नुसता चिखल ऐकू येतो.