फाइलसिस्टीम कोडमधे केमॅलॉक (कर्नलमधे मेमरी मागायचं फंक्शन) फेल झालं तर मागे कसं फिरायचं?

राजवाडा_रूट: इंदूरला एमटेक करतोय, प्रोजेक्टला लिनक्सवर छोटी जर्नलवाली (बदल आधी नोंदवहीत लिहिणारी) फाइलसिस्टीम लिहितोय. सर म्हणतात प्रत्येक केमॅलॉकनंतर नल (रिकामा पॉइंटर) तपास आणि ईनोमेम (मेमरी नाही हा एरर) परत कर, ते ठीक, पण ट्रान्झॅक्शनमधे (सगळे बदल एकत्रच व्हायला हवेत असा गट) दोन ब्लॉक बदलून झालेत आणि तिसऱ्याला मेमरी नाही मिळाली तर काय करू? सगळीकडे नोफेल फ्लॅग (मेमरी मिळेपर्यंत थांब, फेल होऊ नको) टाकून मोकळा होऊ का? आणि सीनियर म्हणतो छोटी अलोकेशन्स फेल होतच नाहीत, खरंय?

ऊप्स_काका: सीनियर अर्धंच सांगतोय रे. ऑर्डर ३ पर्यंत, म्हणजे सलग ८ पेज, ४ केबीच्या पेजवर ३२ केबी, अलोकेटर सहसा नल देत नाही, रीक्लेम करत (वापरलेली मेमरी परत मिळवत) फिरत राहतो, नाहीच जमलं तर ओओएम किलर (मेमरी सुटावी म्हणून एखादी प्रोसेस मारणारा) बोलावतो. २०१४ च्या शेवटी यावरूनच एक्सएफएस या फाइलसिस्टीमची गोची समोर आली, एक प्रोसेस लॉक धरून मेमरीची वाट बघतेय आणि किलरने निवडलेली प्रोसेस त्याच लॉकसाठी अडकलीय, मग मरणार कोण आणि मेमरी सुटणार कुठून! बरं, जिला मारायचं ठरलंय तिला नल मिळू शकतो, म्हणून चेक काढू नकोस.

सराफा_शेल: लागेल ती मेमरी ट्रान्झॅक्शन सुरू व्हायच्या आधीच घे ना. इंदूरच्या सराफ्यात खायला गेलं की खिसा आधी चाचपतात, गराडू खाऊन झाल्यावर नाही 😄 एक्सएफएसमधे सुद्धा डर्टी (बदल करून झालेली) ट्रान्झॅक्शन कॅन्सल करायची वेळ आली तर रोलबॅक नाही, सरळ फाइलसिस्टीमच शटडाउन. नोफेल फक्त जिथे परतीचा रस्ताच नाही तिथे, आणि तेही एक-दोन पेजपुरतं, त्याहून मोठं मागितलं तर कर्नल वॉर्निंग देतं. अ‍ॅटॉमिकबरोबर (जिथे झोपून वाट बघता येत नाही) तर नकोच.

ऊप्स_काका: आणि ट्रान्झॅक्शनच्या आत जीएफपी कर्नल (नेहमीचा अलोकेशन फ्लॅग) वापरलंस तर रीक्लेम फिरून तुझ्याच फाइलसिस्टीममधे शिरेल, तोच लॉक मागेल, बसा मग. सुरुवातीला मेमॅलॉक नोएफएस सेव्ह (रीक्लेमने फाइलसिस्टीममधे शिरू नये असं सांगणारा कॉल), शेवटी रिस्टोर, २०१७ च्या कर्नल ४.१२ पासून आहे. प्रत्येक कॉलला नोएफएस चिकटवत बसायची गरज नाही.

राजवाडा_रूट: बरं, पण टेस्ट कसं करू? फेलस्लॅब (मुद्दाम अलोकेशन फेल करणारी कर्नलची सोय) चालू केलं, प्रोबॅबिलिटी १०० टाकली, तरी माझं एकही अलोकेशन फेल होत नाहीये.

सराफा_शेल: फेलस्लॅबची इग्नोर-जीएफपी-वेट सेटिंग बघ, डिफॉल्ट वाय (हो) असतं, म्हणजे झोपू शकणारी अलोकेशन्स तो सोडूनच देतो. एन (नाही) कर. पण आधी टास्क-फिल्टर लाव आणि फक्त तुझ्या टेस्ट प्रोसेसला मेक-इट-फेल १ दे, नाहीतर शेलसुद्धा चालायचा नाही. नोफेलवाली तरीही फेल होणार नाहीत, ती शोधत बसू नको.