दगडू कासवासाठी यूव्हीचा दिवा: लांब ट्यूब घेऊ की पाऱ्याचा बल्ब? मदत हवी आहे

लीड्सचा_पाऊस:
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात ऑफिसातला एक जण कायमचा कॅनडाला गेला आणि जाता जाता त्याचं कासव आमच्या गळ्यात पडलं. हर्मन जातीचं, चार वर्षांचं, वजन 310 ग्रॅम (स्वयंपाकघरातल्या काट्यावर, तो काटा बायकोने आता कायमचा कासवाच्या नावाने सोडलाय). आर्टिकल 10 चं प्रमाणपत्र (संरक्षित जातींच्या व्यवहारासाठीचा सरकारी कागद) सोबत मिळालंय, त्यामुळे कागदांची काळजी नाही. लेकीने नाव ठेवलं दगडू.

त्याचं लाकडी टेबलही आलं, 4 बाय 2 फुटांचं, वरून उघडं. दिवा तेवढा आला नाही, सामान हलवताना फुटला म्हणे. मग इथल्या, इंग्लंडातल्या लीड्सच्या, एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोराने पिळाचा यूव्ही बल्ब हातात ठेवला, "हा लावा, याच्यात सगळं येतं." मी तो टेबलाच्या कडेला चिमट्याने अडकवला, तिरका, दगडूपासून जेमतेम वीतभर.

चौथ्या दिवसापासून दगडू डोळे उघडेना. पुढच्या पायाने डोळा चोळतो, चालताना कडेला धडकतो. पाला नाकाशी धरला की वासाने तोंड उघडतो, पण घास हुकतो आणि हवाच चावतो. ते बघवत नाही हो. काल दिवसभर बल्ब बंद ठेवला, तर आज सकाळी एक डोळा अर्धवट उघडा होता.

आता नेटवर वाचतोय तर डोकं गरगरतंय. कोणी म्हणतं लांब टी5 (बारीक फ्लुरोसंट) ट्यूब घ्या, कोणी म्हणतं पाऱ्याचा बल्ब घ्या म्हणजे ऊब आणि यूव्ही एकातच. टक्क्यांचे आकडे वेगळे, वॅटचे वेगळे. आई साताऱ्याहून रोज फोनवर सांगते, "अरे खिडकीत ठेव उन्हात, दिवे कसले लावतोस." आणि व्हिटॅमिन डीची पावडरच पाल्यावर टाकली तर दिवा लागेल का मुळात? कोणी वापरलेलं असेल तर नीट सांगा. पैसे एकदाच घालवायचेत.

काटेकोर_काकू:
तो बल्ब आधी होल्डरमधून काढा. बंद नका ठेवू, काढाच, नाहीतर घरात कोणीतरी लावेल. आणि या आठवड्यात सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या. एक दिवस बल्ब बंद राहिल्यावर डोळा उघडतोय म्हणजे बहुधा वेल्डिंग करणाऱ्याचे डोळे येतात तसला प्रकार असावा, पण डोळे मिटण्याची कारणं इतरही असतात आणि ती फोटोवरून कळत नाहीत. तोवर रोज 15-20 मिनिटं कोमट पाण्यात बसवा, हनुवटीच्या खाली पाणी राहील इतकंच. पाणी पितोही आणि डोळेही धुतले जातात.

मीही इंग्लंडातच, स्लाउला राहते, अकरा वर्षं कासवं पाळतेय, आत्ता तीन आहेत. तुमची चूक बल्बात जितकी, तितकीच तो अडकवण्यात आहे. कासवाच्या डोळ्यावर भुवईसारखं हाड असतं. सूर्य डोक्यावर असतो तेव्हा त्याची सावली डोळ्यावर पडते. दिवा बाजूने आला की किरण थेट बुबुळात. म्हणून दिवा कुठलाही असो, तो वरूनच हवा.

पिळाच्या बल्बचं दुसरं दुखणं म्हणजे त्याचा यूव्हीचा ठिपका तळहाताएवढा. वीतभर अंतरावर तीव्र आणि दोन वीत गेलं की जवळपास काहीच नाही. कासव काय त्या ठिपक्यात मान घालून बसणार आहे का?

तुमच्या टेबलाला माझं उत्तर एकच: टी5 ट्यूब, 24 वॅट, साधारण 22 इंची, रिफ्लेक्टरसकट, 12 टक्के यूव्हीबीवाली (यूव्हीबी म्हणजे यूव्हीतला व्हिटॅमिन डी बनवणारा भाग). टेबल 4 फुटी, म्हणजे अर्ध्याला यूव्ही आणि अर्ध्याला सावली. हे अर्धं-अर्धं महत्त्वाचं आहे, त्याला नको असेल तेव्हा उठून जाता आलं पाहिजे. उंची ट्यूबपासून कवचाच्या माथ्यापर्यंत मोजायची, मातीपर्यंत नाही. 35 सेंटिमीटरपासून सुरुवात करा, खोक्यावर अंतराचा तक्ता असतो तो बघा. मध्ये जाळी नको, जाळी बरंच यूव्ही खाते. काच किंवा प्लास्टिक तर अजिबात नको.

शेजारीच, त्याच टोकाला, वरून साधा हॅलोजनचा स्पॉट 75 वॅट. त्याच्याखाली दगडावर 35 अंशांच्या आसपास, दुसऱ्या टोकाला 20-22. ऊब आणि यूव्ही एकाच जागी मिळाले पाहिजेत, कारण कातडीत किरणांमुळे जो कच्चा माल तयार होतो त्याचं डी3 व्हायला ऊब लागते. थंडगार जागी नुसतं यूव्ही देऊन अर्धंच काम होतं.

सदाशिवपेठी:
पुण्यात माझा लाल कानाचा कासव बाल्कनीतल्या टबात असतो. सकाळी नऊ ते अकरा ऊन. शून्य रुपये, शून्य वॅट. आई बरोबर सांगतायत!

काटेकोर_काकू:
पुण्यात आई बरोबरच. पण 21 डिसेंबरला भर दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजावर 48 अंश असतो आणि लीड्सला 13. तेवढ्या तिरक्या उन्हातलं यूव्हीबी वातावरणातच गळून जातं. ढग सोडूनच द्या. आणि खिडकीच्या साध्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही, मग ती खिडकी साताऱ्याची असो की लीड्सची. ऊब येते, उजेड येतो, त्यामुळे माणूस फसतो. मे ते सप्टेंबर दगडूला बागेत सोडा, त्याच्यापुढे कुठलाही दिवा फिका.

नाशिकचा_नंदू:
विषय निघालाच आहे तर विचारतो. एक जण तारा कासवाचं पिल्लू देतोय, त्यालाही हीच ट्यूब चालेल का?

काटेकोर_काकू:
नंदू, पिल्लू घेऊ नका. तारा कासव पाळणं भारतात गुन्हा आहे, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली. या कासवांची तस्करी इतकी की 2019 मध्ये त्यांना साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) पहिल्या परिशिष्टात टाकावं लागलं. देणाऱ्याबद्दल वनखात्याला कळवा. ट्यूबचा प्रश्नच येत नाही.

म्युनिकवाला:
मी पाऱ्याचा बल्ब दोन वर्षं वापरलाय, म्हणून लिहितो. "एकात सगळं" ऐकायला बरं वाटतं. पण तो थर्मोस्टॅटने मंद करता येत नाही, एक तर चालू नाहीतर बंद. बंद झाला की गार होईपर्यंत परत पेटत नाही. उन्हाळ्यात खोली तापली आणि ऊब कमी करायची म्हणून बल्ब वर घेतला, की यूव्हीही कमी. दोन गोष्टी एका दोरीला बांधल्यासारखं होतं. शिवाय खालची जागा फार कोरडी पडते. पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात ना, त्यात कोरडेपणाचा मोठा हात असतो, सगळा दोष यूव्हीच्या माथी मारू नका. माती थोडी दमट ठेवा, लपायच्या खोपटात तर नक्की.

आता मी मेटल हॅलाइडचा दिवा वापरतो, बॅलास्टसकट (म्हणजे त्याचा चोक). छान आहे, पण माझं टेबल सात फुटी आहे. तुम्हाला त्याची गरज नाही. काकूंची ट्यूब घ्या.

लीड्सचा_पाऊस:
मनापासून आभार. पावडरचं राहिलं. आणि वीज किती जाळेल हे?

काटेकोर_काकू:
कॅल्शियमची पावडर द्या, समुद्रफेस टेबलात ठेवून द्या, चावेल. डी3 च्या पावडरवर मात्र विसंबू नका. पोटातून जास्त गेलं तर ते साठतं आणि विषासारखं होतं. कातडीत बनणाऱ्याचं तसं नाही, जास्त झालं की प्रकाशच त्याचं रूपांतर निरुपयोगी पदार्थांत करतो. वरून पाऊस पडतोय आणि टाकीला सांडवा आहे, असं समजा.

वीज: 24 आणि 75 मिळून 100 वॅट धरा, 12 तास, म्हणजे रोज 1.2 युनिट. रात्री सगळं बंद. लाल, निळे रात्रीचे बल्ब कोणी गळ्यात मारले तर घेऊ नका.

आणि ट्यूब लावाल त्या दिवशीची तारीख तिच्या टोकावर मार्करने लिहा. टी5 वर्षाने बदलायची. उजेड तसाच दिसत राहतो, यूव्ही केव्हा संपलं ते डोळ्यांना कळत नाही.

लीड्सचा_पाऊस:
अपडेट देतो. डॉक्टरांनी डोळ्यांत घालायला थेंब दिले, बुबुळावर जखम नाही म्हणाले. कवच दाबून पाहिलं, कडक आहे. ट्यूब शनिवारी बसवली, छताच्या दोन हुकांना साखळीने टांगली म्हणजे उंची बदलता येते. ओळखीच्या एकाकडून सोलरमीटर 6.5 (यूव्ही मोजायच्या यंत्राचं मॉडेल) उसना आणला: दगडाच्या जागी, कवचाच्या उंचीवर, यूव्ही इंडेक्स 3.6. लपायच्या खोपटाशी शून्य. ठीक आहे ना?

आज सकाळी साडेआठला दिवे लागले. पंधरा मिनिटांनी दगडू खोपटातून निघाला, दगडावर चढला, चारही पाय पसरून मान लांब केली. दोन्ही डोळे उघडे. मग डँडेलियनचं पान पहिल्या घासात पकडलं. आईला व्हिडिओ पाठवला, तिचं उत्तर: "दिव्याखाली बसलाय, मग उन्हात काय वाईट होतं?"

काटेकोर_काकू:
3.6 छान. हर्मनला दगडावर 3 ते 4 मी धरते. साखळी आता हलवू नका. तीन महिन्यांनी परत मोजा, आकडा उतरला तर थोडी खाली घ्या.

लीड्सचा_पाऊस:
शेवटचं एक. तो पिळाचा बल्ब कचऱ्यात टाकू का?

म्युनिकवाला:
नको, त्यात पारा असतो. कौन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रावर ट्यूब-बल्बचा वेगळा डबा असतो, तिथे टाका. फुटू देऊ नका.