पार्किंगच्या जागेला टक्के कशाला मोजायचे?

गोडोलीची सून
मागच्या महिन्यात दादांना (माझे सासरे, वय 67) दिव्यांग दाखल्याच्या तपासणीला नेलं. पाच वर्षांपूर्वी गाडीवरून पडून खुबा मोडला, ऑपरेशननंतर डावा पाय दोन इंच आखूड राहिला. साताऱ्यात पोवई नाक्यावरून राजवाड्याकडं चढायचं म्हटलं की तीनदा टेकतात. डॉक्टरांनी कोनमापक लावून सांधा किती वळतो ते बघितलं, मग म्हणाले, चालून दाखवा. आमचे दादा, जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. परीक्षा म्हटल्यावर छाती पुढं काढून असे चालले की मीच बघत राहिले! संध्याकाळी पाय सुजून भोपळा. दाखला आला 36 टक्क्यांचा.

आता व्हीलचेअरचं चित्र काढलेल्या जागेत गाडी लावली की वॉचमन कार्डावरचा आकडा बघतो. "40 च्या खालचं चालत नाही, पुढं घ्या." अहो, पार्किंगची जागा म्हणजे काय नोकरी आहे की पेन्शन? गाडीपासून दारापर्यंत माणसाला चालवतं का, तेवढं बघा की.

शाहूपुरीकर
ताई, रेघ कुठंतरी मारावीच लागते. 36 ला सोडलं की 34 वाला भांडायला येणार. व्हीलचेअरचा स्टिकर दुकानात कुणालाही मिळतो. तो काचेवर चिकटवून धडधाकट लोक जागा अडवतात, हे रोज बघतोय. आकडा नसेल तर वॉचमननं काय लोकांचे गुडघे तपासायचे? आणि दादा छाती काढून चालले म्हणता, मग लंगडून दाखवायला हवं होतं का?

गोडोलीची सून
रोज चालतात तसं चालायला हवं होतं. एवढंच.

निवृत्त फिजिओ
या तपासण्या मी वर्षानुवर्षं जवळून बघितल्या आहेत. पायाचं अपंगत्व नुसत्या कोनमापकावर ठरत नाही. सांध्याची हालचाल आणि स्नायूंची ताकद हा एक भाग. दुसरा भाग स्थिरतेचा, त्यात नऊ गोष्टी असतात आणि प्रत्येकीला दहा: सपाटीवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, दुखऱ्या पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं, वळणं. म्हणजे मांडी घालता येण्याला आणि चालता येण्याला वजन सारखंच. पाय आखूड असेल तर पहिला अर्धा इंच सोडून पुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला चार टक्के, म्हणजे दादांच्या दोन इंचांचे बारा.

किती अंतर चालल्यावर थांबावं लागतं, हा प्रश्न या हिशोबात कुठंच येत नाही. तो हिशोब पार्किंगसाठी केलेलाच नाही. सूनबाईंचं एवढं म्हणणं मला पटतं. निकाल मान्य नसेल तर दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्याच्या कलम 59 खाली अपील करता येतं.

आणखी एक. दादांच्या एखाद्या डोळ्याला कमी दिसतं का? दोन अपंगत्वं असतील तर सरळ बेरीज करत नाहीत, त्याचं सूत्र आहे. 36 आणि डोळ्याचे 10 मिळून 46 होत नाहीत, 42 होतात. तरी 40 पार.

कोडोलीचा पाव्हणा
म्हंजी डोळ्याला दिसंना म्हणून पायाला पार्किंग! आवं, ह्यो हिशोब आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला दाखवतो, लई खूश हुईल.

तीनचाकी
माझं कार्ड 80 टक्क्यांचं, लहानपणीचा पोलिओ. शाहूपुरीकरांच्या बाजूनं आहे, पण कारण वेगळं. ती जागा सरकारी मार्गदर्शक नियमांत 3.6 मीटर रुंद, 5 मीटर लांब आणि दारापासून 30 मीटरच्या आत सांगितली आहे. एवढी रुंदी कशाला, याचा कुणी विचार केलाय का? दार सताड उघडून खुर्ची बाजूला लावता यावी, माणूस त्यात सरकू शकावा, म्हणून. कार आणि व्हीलचेअर असेल तर दाटीच्या रांगेत उतरताच येत नाही. दादांना जवळची जागा हवी, रुंद नको. दोघांच्या गरजा एकाच चित्राखाली कोंबल्यात आणि अशा जागा असतात दोन. त्यातल्या एकीत दादा, दुसरीत स्टिकरवाला. मी काय करायचं, गोल फिरत बसायचं?

ताई, राग मानू नका. दादा गाडीतून उतरून हळूहळू का होईना, येतील. मी उतरूच शकत नाही.

करंजेकर
कायदा वाचा की जरा. 40 टक्क्यांची अट नोकरीतलं आरक्षण, उच्च शिक्षण, योजना असल्या गोष्टींना. इमारती, वाहतूक, पार्किंगच्या सोयींची कलमं सगळ्या दिव्यांगांसाठी आहेत, तिथं 40 चा आकडा नाही. हे 40 वॉचमनच्या डोक्यातून आलेलं आहे.

शाहूपुरीकर
मग तर झालंच. 5 टक्केवालाही येणार. खोटा लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, हे कायद्यात आहे, पण पार्किंगवरून कुणाला झालेला दाखवा मला.

सातारा ते लेस्टर
इंग्लंडमध्ये पार्किंगसाठी वेगळा ब्लू बॅज असतो. कौन्सिल देते, फी 10 पौंड, मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. तिथं टक्के नाहीत. किती चालता, किती वेळात, कितीदा थांबता, असं बघतात. अपंगत्वाच्या भत्त्याच्या तपासणीत 50 मीटरच्या पुढं चालवत नाही असं ठरलं तर बॅज जवळजवळ सरळ हातात. 2019 पासून न दिसणाऱ्या आजारांनाही मिळतो. पण म्हणून वाद मिटले असं समजू नका. आमच्या शेजारच्या काकू तपासणीच्या दिवशी दोन पेनकिलर घेऊन, नवे बूट घालून गेल्या. तपासणाऱ्या बाईंशी गप्पा मारत अख्खा कॉरिडॉर चालल्या. बॅज गेला. दादांसारख्याच!

गोडोलीची सून
तीनचाकी, तुमचं वाचून गप्प बसले. रुंदीचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. खुर्चीवाल्यांच्या जागेवर हक्क नाही सांगणार, पण मग दाराजवळ साध्या रुंदीच्या दोन जागा म्हाताऱ्या-अधू माणसांना ठेवायला काय हरकत आहे? त्याला तरी टक्के नकोत.

अपिलाचं दादांना सांगितलं. ते म्हणाले, पुन्हा चालायला लावणार असतील तर मी येत नाही. डोळ्यांचा विषय काढलाच नाही, पेपर हिसकावून घेऊन मोठ्यानं वाचून दाखवतील. तूर्त मी त्यांना मोती चौकात दुकानासमोर उतरवते. उतरायला त्यांना दीड-दोन मिनिटं लागतात, तेवढ्यात मागं हॉर्नची रांग लागते, आणि त्या घाईत ते परत छाती काढून चालायला लागतात.