मदत हवी आहे: वर्षभर परदेशी जातोय, घरच्यांना पुण्यातच ठेवावं का?

नमस्कार. मी सैन्यात हवालदार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसाठी दक्षिण सुदानला नाव लागलंय, साधारण वर्षभर. फॅमिली नेता येत नाही. युनिट, तारखा लिहीत नाही, विचारूही नका.

दिघीत भाड्याने राहतो. बायको, चौथीतली मुलगी, अडीच वर्षांचा मुलगा. आईवडील गावी, माण तालुक्यात. त्यांचं म्हणणं, सुनेने पोरं घेऊन गावी यावं, पुण्यात एकटी कशी राहणार. बायको म्हणते इथंच राहणार. मुलीची शाळा आहे, तिची नोकरी आहे (पगार थोडा, पण तिचा), पोरगा रात्री तापला तर खडकीचं एमएच (मिलिटरी हॉस्पिटल) जवळ. मला तिचं पटतं. पण नाना (वडील) रुसलेत. फील्डला होतो तेव्हा अडचण आली तर सुट्टी टाकून दोन दिवसांत घर गाठायचो, आता ते नाही, हा त्यांचा मुद्दा खोटा नाही.

दुसरं म्हणजे बँक, गॅस, वीजबिल, सगळ्याचे ओटीपी माझ्या नंबरवर येतात. सिम घरी ठेवू की घेऊन जाऊ? मुलीला अजून काही सांगितलेलं नाही. लस, मेडिकल वगैरे पलटण बघते, त्याची काळजी नाही.

प्रतिसाद १
दादा, माझे मिस्टर काँगोत गोम्याला होते. वहिनींना पुण्यातच राहू द्या. फक्त हे नानांना तुम्ही सांगा, वहिनींच्या तोंडून जाऊ देऊ नका. नाहीतर तुम्ही तिकडे आणि वर्षभर खापर तिच्या डोक्यावर. सासूबाईंना अधूनमधून महिनाभर बोलवा, त्यांनाही बरं वाटतं.
सिमच्या भानगडीत पडू नका. एकेक ठिकाणी वहिनींचा नंबर लावून घ्या, तुम्ही इथं असतानाच. नंतर बँक तुमचीच सही मागते.
मुलीला आताच सांगा, शाळेत दुसऱ्याकडून कळण्याआधी. पण 'रोज फोन करीन' म्हणू नका. नेट जातं, ड्यूटी लागते, पोर फोन धरून बसते. तिथलं घड्याळ साडेतीन तास मागे. तुमचे संध्याकाळचे पाच म्हणजे इथले साडेआठ, जेवणं उरकलेली असतात, ती वेळ बरी.

प्रतिसाद २
एक्स-सर्व्हिसमन आहे म्हणून स्पष्ट लिहितो. ग्रुप इन्शुरन्स आणि फंडाला नॉमिनी लावला की काम झालं असं समजू नका. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक ठरतोच असं नाही. मृत्युपत्र करा. नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. बायकोच्या नावे मुखत्यारपत्र कराल ते वेगळं, ते माणूस हयात असेपर्यंतच चालतं.

धागाकर्ता
ताई, साहेब, आभार. रविवारी गावी जाऊन नानांशी मीच बोलतो. मृत्युपत्राचं बायकोजवळ कसं काढायचं तेवढं कुणी सांगा. काल नुसता शब्द काढला तर ताटावरून उठून गेली.